समुद्र पाहणे, चाळीस मिनिटे

हर्षलनं भिलईच्या पोलाद कारखान्यात, प्लेट मिलच्या शटडाउन प्लॅनिंगमध्ये चौदा वर्षं काढली, आणि चौदा वर्षांत त्यानं आखलेलं एकही काम वेळेच्या पुढं सरकलं नाही. हे तो स्वतः सांगणार नाही, कारण तो काहीच सांगत नाही. पण मिलमध्ये कोणालाही विचारा. मिल दुरुस्तीसाठी बंद करायची म्हणजे दोन-अडीचशे कामं एकाच वेळी सुरू. पोलाद लाटणारा कोणता रोल कितव्या तासाला बाहेर येणार, क्रेन कोणाच्या वाट्याला किती मिनिटं, वेल्डर जेवायला कधी जाणार, सगळं एका लांबलचक तक्त्यात आडव्या पट्ट्या ओढून भिंतीवर लावलेलं असतं. तो तक्ता हर्षलच्या हातचा असला की फोरमन लोक डोळे झाकून कामाला लागतात. आता असा माणूस आपल्या अकरा वर्षांच्या पोरीला घेऊन सहलीला निघाला तर काय करेल? दुसरं काय करणार बापा, तक्ताच करेल.

सहलीची गोष्ट निघाली ती ऑक्टोबरातल्या एका रविवारी. दर रविवारी साडेदहाला हर्षल नागपूरला फोन लावायचा. पोरगी उन्नती तिथं आपल्या आईजवळ, म्हणजे अपेक्षाजवळ, आजोळी राहते. दोन वर्षं झाली. फोनवरचं बोलणं ठरलेलं होतं: काय करून राहिली, काही नाही, जेवली का, हो, बरं. दीड मिनिटात खेळ खलास. हर्षलची आई मैनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हातानं खुणा करायची, की अरे बोल, अजून बोल, तोवर यानं फोन ठेवलेला असायचा. माझ्या पोटी पोरगं आलं का धोंडा आला, असं ती शेजारणीला म्हणायची, आणि म्हणून झालं की तिचं तिलाच वाईट वाटायचं.

त्या रविवारी मात्र 'हो' नंतर पोरगी थांबली नाही. त्यांच्या शाळेतल्या आम्रपाली मिसनं वर्गात व्हिडिओ दाखवला होता. विशाखापट्टणमला बंदराजवळ म्हणे जहाजांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथं एक जुनं लाकडी जहाज उभं कापून ठेवलं आहे, त्याच्या पोटात शिरून चालता येतं. दीपगृहाचा माणसाएवढा दिवा आहे, आणि कंपास नव्हता तेव्हा खलाशी चांदण्या पाहून जहाज कसं हाकायचे तेही दाखवतात. मग तिनं विचारलं, "पप्पा, तुमच्या मिलची प्लेट जहाजाले लागते ना?"

"लागते," हर्षल म्हणाला. आणि त्यापुढं, कोण जाणे कुठून, त्याच्याच तोंडून निघालं, "जाऊ आपण. दिवाळीच्या सुटीत."

मैनाबाईच्या हातातली पळी हातातच राहिली.

इथं थोडं मागचं सांगावं लागेल. तीन वर्षांपूर्वी अपेक्षाला मुलगा झाला. त्याच्या हृदयात जन्मापासूनच दोष होता, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तसं सांगितलं होतं, आणि नवव्या दिवशी लेकरू गेलं. कोणाची चूक म्हणावी तर कोणाचीच नाही. इतक्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचे दिवस नसतात, तेरवी नसते, घरी येऊन कोणी चार जण बसत नाहीत. मग बापानं करायचं तरी काय? हर्षलनं दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घातले, हेल्मेट घेतलं आणि ड्यूटीवर गेला. लोक म्हणाले, काय खंबीर गडी आहे. खंबीर कसला! त्याला काही जाणवतच नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि अर्धा गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तसं त्याचं सगळं आतून झालं होतं. सुई उतरते, हे काही उतरलं नाही. भाजीत मीठ नसलं तरी तो खायचा, जास्त झालं तरी खायचा. घरात कोणी बाळाचा विषय काढला की उठून बाहेर जायचा. नळाचा वॉशर बघायचा, गाडी पुसायचा. रागानं नाही हो. तिथं बसून काय करतात, तेच त्याला कळत नव्हतं.

अपेक्षा दहा महिने एकटी रडली. त्याच्याशी बोलायची, मग त्याच्या पाठीशी बोलायची, मग तेही सोडलं. एक दिवस ती उन्नतीला घेऊन चार दिवसांसाठी म्हणून माहेरी गेली. ते चार दिवस अजून संपायचे आहेत.

दिवाळीचं कळल्यावर अपेक्षानं मेसेज पाठवला. एरवी तिचे मेसेज 'ताप उतरला' आणि 'पेपर छान गेला' एवढेच असायचे. हा जरा लांब होता. तिनं लिहिलं होतं की उन्हाळ्यात उन्नती आठ दिवसांसाठी भिलईला आली होती आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरून बसली, ते विसरू नका. ती स्वतःहून हो म्हणाली तर न्या, मी तिला हो म्हण असं सांगणार नाही. आणि या वेळी पण पोरगी अर्ध्यातून परत आली, तर यापुढं मला विचारू नका. हर्षलनं तो मेसेज दोनदा वाचला. म्हणजे आता एकच संधी उरली होती, आणि तीही पोरीच्या हातात होती. त्यानं उत्तर पाठवलं, 'बरं.'

आणि तो तक्त्याला लागला.

संध्याकाळी सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा. चार दिवस, दर दिवसाला सकाळी सहा ते रात्री नऊ, पंधरा-पंधरा मिनिटांच्या पट्ट्या. उन्नतीला नागपूरहून आणणं, दुर्गहून सकाळची गाडी, गाडीत नाश्ता, गाडीत झोप, गाडीत चित्रं काढणं, सगळ्याला पट्टी. संग्रहालयात त्यानं फोन लावला. तिथला माणूस तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाला की सोमवारी बंद, बाकी दिवशी दहा ते सहा. हर्षलनं विचारलं की एका दालनाला सरासरी किती वेळ लागतो. तो म्हणाला, सर, जैसा आदमी. हर्षल म्हणाला, नाही, मिनिटांत सांगा. त्या बिचाऱ्यानं कंटाळून बारा मिनिटं म्हणून टाकलं. हर्षलनं सात दालनं गुणिले बारा मिनिटं केलं, लाकडी जहाजाच्या पोटातली वीस मिनिटं वेगळी धरली आणि मधल्या पायऱ्यांना तीन मिनिटं दिली.

मिलमध्ये असं करताना त्याला बरं वाटायचं. म्हणजे बरं असं नाही, पण वेळ भरलेला असायचा. घरी हा तक्ता करताना त्याला एकच भीती होती, आणि ती त्याला स्वतःलाही धड सांगता आली नसती. मध्ये कुठं मोकळी जागा राहिली तर तिथं तो आणि पोरगी समोरासमोर बसणार. तिथं काही तरी बोलावं लागणार. म्हणून तो एकेक मोकळा चौकोन शोधून शोधून भरत होता.

मैनाबाईनं चष्मा लावून तक्ता पाह्यला. तिला वाचता येतं, चौथी पास आहे ती, आणि चौथी पास बाई जे वाचते ते बरोबर वाचते. बोट ठेवत ठेवत ती तिसऱ्या दिवसावर आली. तिथं लिहिलं होतं: समुद्र पाहणे, चाळीस मिनिटे.

"अन् एक्केचाळिसाव्या मिनिटाले काय समुद्र बंद करतेत का रे?" तिनं विचारलं.

हर्षल म्हणाला की नंतर जेवणाची वेळ आहे. मैनाबाईनं चष्मा काढला. तिला हसू आलं आणि लगेच ओसरलं. सून गेली तेव्हापासून ती या पोरासाठी दोन्ही वेळा स्वयंपाक करत होती, त्याच्या ताटासमोर बसत होती, आणि हे जेवणारं माणूस आपलंच आहे का, असं तिला कधी कधी वाटायचं. जाऊ दे, आखतो आहे ना काही तरी, असं मनाशी म्हणून ती पडवळ चिरायला गेली.

आता पुढचा घोटाळा झाला तो भूपेंद्रमुळं. भूपेंद्र जवळच्या उतई गावचा, हर्षलच्याच खोलीत बसतो, रोज मोटरसायकलनं येतो आणि आल्या आल्या कोणाची ना कोणाची फिरकी घेतल्याशिवाय त्याचा चहा पचत नाही. त्यानं टेबलावर तक्त्याची प्रिंट पाहिली आणि पोट धरून हसला. म्हणाला, भैया, प्लॅन तो बढ़िया है, पर बिना परमिट के शटडाउन कैसे लोगे? सेफ्टीवाले पकड़ेंगे. आणि हसत हसत कँटीनला निघून गेला.

हसणाऱ्यानं हसून सोडून दिलं. पण हर्षलला गेली तीन वर्षं विनोद कळत नव्हता. शब्द जसे येतील तसे तो घेत होता. त्याला वाटलं, बरोबर आहे. आपल्या इथं परमिट झाल्याशिवाय कोणी कामाला हात लावत नाही. ज्यांचा ज्यांचा संबंध, त्या सगळ्यांनी धोका वाचून, समजून घेऊन सही करायची असते. अपेक्षाची परवानगी पाहिजे, उन्नतीची पाहिजे, मग कागद नको का? त्यानं कोरा नमुना काढला आणि त्या दुपारी आपल्या पोरीच्या सहलीचं परमिट तयार केलं.

वर कामाचं स्वरूप: संग्रहालय भेट. जागा: विशाखापट्टणम. कामावरची माणसं: दोन. खाली दोन रकाने, एकात धोका, दुसऱ्यात त्यावरची खबरदारी. त्यानं तीन ओळी भरल्या. स्टेशनवरची गर्दी, तर हात धरून चालणे. ऊन, तर टोपी आणि पाण्याची बाटली. लाटा, तर घोट्याच्या वर पाण्यात न जाणे. चौथी ओळ कोरी ठेवली, कारण नियमच तसा आहे: जो कामावर उतरणार त्यानं त्याला दिसलेला धोका स्वतःच्या हातानं लिहायचा. तळाशी सह्यांच्या तीन चौकटी होत्या. पहिली आईची, दुसरी उन्नतीची, आणि शेवटची परमिट देणाऱ्याची, म्हणजे त्याची. तक्ता आणि परमिट, दोन्ही त्यानं अपेक्षाच्या फोनवर पाठवून दिलं. खाली लिहिलं, 'वाचून सही करून पाठवणे.'

काय म्हणावं या माणसाला! दुसऱ्या कोणी बापानं पोरीला समुद्राचा फोटो पाठवला असता, लाटांचा आवाज पाठवला असता. यानं परमिट पाठवलं.

तासाभरात अपेक्षाचा फोन आला. मेसेज नाही, फोन. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज त्याच्या कानात आला. तिनं विचारलं की हे काय आहे, पोरीला बोलावून राहिले का ठेकेदाराला. त्यानं सांगितलं की पद्धत आहे, सगळे धोके आधी लिहिलेले बरे. मग ती जे बोलली ते तिच्या मनात तीन वर्षं साचलेलं होतं. बाळ गेलं त्या सकाळी ती कॉटवर पडून हंबरडा फोडत होती, आणि हा माणूस दवाखान्याच्या खिडकीपाशी कागद गोळा करत उभा होता. डिस्चार्जचा कागद, मृत्यूचा कागद, झेरॉक्स. सगळे कागद फाईलमध्ये क्रमानं लावून तो तिच्यापाशी आला आणि म्हणाला, झालं.

"तुम्ही माझ्या बाजूले बसले असते ना हर्षल, दोन मिनिटं," ती म्हणाली, "तर मी आज भिलईत असती."

 तिचं बोलणं त्याला ऐकू आलं, समजलंही, पण आत पोचलं नाही. तो म्हणाला, "मग सही?"

 अपेक्षा शांतपणे म्हणाली की ती सही करणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. उन्नतीनं तो कागद पाहिला आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातून प्रिंट काढून आणली आहे, आणि दप्तरात ठेवली आहे. तिचं ती ठरवेल. फोन ठेवला.

त्यानंतर पाच दिवस काहीच आलं नाही. हर्षल रोज ड्यूटीवर जाई, तक्ते करी, घरी येऊन जेवी. आरक्षणाची दोन तिकिटं झाली होती, एक खालचा बर्थ येताना मिळाला होता. मैनाबाईनं चिवड्याचे पोहे आणून ठेवले, पण भाजायला घेतले नाहीत; पोरगी येते का नाही ते कळू दे, मग भाजीन, म्हणाली. तिचा जीव रोज सकाळी फोनकडे लागलेला असायचा. हर्षलचा लागला होता का? तो फोन नेहमीपेक्षा जास्त वेळा पाहत होता, एवढं मात्र खरं. एकदा तर भूपेंद्रनंच विचारलं की काय भैया, लॉटरीचं तिकीट काढलं का, आणि हर्षलनं त्याला सरळ उत्तर दिलं की नाही, लॉटरी नाही, मुलीच्या सहीची वाट पाहतो आहे. भूपेंद्रचं तोंड उघडंच राहिलं. आपण सहज मारलेल्या थट्टेवर या माणसानं खरंच परमिट काढलं, हे तेव्हा त्याला कळलं, आणि त्यानंतर दोन दिवस त्यानं कोणाची फिरकी घेतली नाही.

शनिवारी दुपारी चारला फोटो आला.

खोलीत हर्षल एकटा होता. भूपेंद्र खाली मिलमध्ये गेला होता. त्यानं फोटो मोठा केला. आधी नजर गेली ती तळाच्या सह्यांवर. आईची चौकट कोरी होती. तिच्या बाजूच्या चौकटीत निळ्या शाईनं, गोल गोल अक्षरात, शेवटच्या अक्षराखाली एक रेघ ओढून लिहिलं होतं: उन्नती. म्हणजे ती येणार होती. पाच दिवस ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं. आता आपली सही केली की काम सुरू.

त्यानं फोटोची प्रिंट काढली, पेन हातात घेतलं आणि मगच चौथी ओळ वाचली, कारण सही करण्याआधी सगळं वाचायचं असतं.

धोक्याच्या रकान्यात पोरीनं लिहिलं होतं: 'पप्पा बोलत नाहीत. बाळाबद्दल विचारलं की उठून बाहेर जातात. तिथे मला एकटीला सोडून बाहेर गेले तर मला रस्ता माहीत नाही.'

आणि समोरच्या, खबरदारीच्या रकान्यात: 'मी विचारणार नाही.'

हर्षलनं ते वाचलं, आणि परत वाचलं. अक्षर सुवाच्य होतं. कुठं खाडाखोड नव्हती. म्हणजे तिनं आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं असणार, तो करायचा तसंच. अकरा वर्षांच्या लेकरानं पाच दिवस विचार करून आपल्या बापासोबत चार दिवस राहायची सोय शोधून काढली होती. अट तिची तिनंच घातली आणि तिची तिनंच पाळायचं कबूल केलं होतं.

आता यात हर्षलची सोयच होती की. सही करायची, पोरगी येणार, सात दालनं बघणार, काही विचारणार नाही. त्याला जी भीती होती तीच तिनं मिटवून टाकली होती. एक मिनिट त्यानं पेन त्या प्रिंटवर धरून ठेवलं, सही करायच्या बेतानं. आणि त्याला करता येईना. चौदा वर्षांत त्यानं असले किती तरी परमिट ठेकेदारांच्या तोंडावर परत फेकले होते. गॅस गळतो तर काय खबरदारी घेणार? साहेब, आम्ही तिकडं बघणार नाही. अशा कागदावर तो सही करत नसे. कारण तसं लिहिणारा माणूसच त्यात मरतो.

त्यानं खबरदारीची ती ओळ खोडली. एक आडवी रेघ, बाजूला सही, जशी पद्धत आहे तशी. मग उठून खोलीचं दार लावलं आणि नागपूरला फोन लावला. रविवार नव्हता, साडेदहाची वेळही नव्हती, आणि तो काय बोलणार ते त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं.

फोन उन्नतीनंच उचलला. "पप्पा? सही पाह्यली का?"

"पाह्यली. चौथी ओळ चालणार नाही."

 तिकडून अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "मग मी येऊ नको का?"

"ये," हर्षल घाईनं म्हणाला. "तू ये. तू लिहिलेला धोका बरोबर आहे. खबरदारी चुकली. ती मी खोडली." तो खुर्चीत बसला. "काय विचारायचं होतं तुले? आताच विचार."

"तुम्ही उठून जाल."

"नाही जात."

 पोरीच्या मागं नळाचं पाणी पडत होतं, कोणी तरी भांडी घासत होतं. मग ती म्हणाली, "बाळाचं नाव काय ठेवणार होते तुम्ही? मी मम्मीले विचारलं. तिले माहीत नाही. आजीले पण माहीत नाही. कोणालेच माहीत नाही."

कोणाला माहीत असणार? आमच्याकडं बारसं बाराव्या दिवशी. त्याआधी नाव फोडायचं नाही, आत्या बाळाच्या कानात सांगेल तेव्हाच ते सगळ्यांनी ऐकायचं. हर्षल असल्या बाबतीत काटेकोर, त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिनं पोट धरून हसत विचारलं तरी नाही. अपेक्षाचा पाचवा महिना होता तेव्हाच, मुलगा झाला तर काय, ते त्यानं ठरवून टाकलं होतं, प्लांटच्या गेटवर सायकलींच्या गर्दीत उभं असताना. मग नववा दिवस आला, आणि बारावा काही आला नाही. सांगायची वेळ आली नाही म्हणून त्यानं सांगितलं नाही. तीन वर्षं ते नाव त्याच्या तोंडात तसंच होतं, आणि दुसरं काहीही बोलायला गेलं तर आधी तेच आडवं यायचं. हे त्याला त्या क्षणापर्यंत समजलं नव्हतं.

त्यानं टेबलाची कड धरली.

"शुभंकर," तो म्हणाला.

आणि दुखलं. छातीत, गळ्यात, पार जबड्यापर्यंत, इतकं की त्याला वाटलं आता कोणाला तरी हाक मारावी लागणार. तीन वर्षं उधार राहिलेलं दुखणं सगळं एकाच वेळी आलं. तो खुर्चीत वाकला. फोन कानाला तसाच होता.

तिकडं उन्नतीनं ते नाव हळूच म्हणून पाहिलं, आधी मनाशी, मग मोठ्यानं. मग तिनं फोन बाजूला न करताच हाक मारली, "मम्मी, शुभंकर. पप्पांनी शुभंकर ठरवलं होतं."

भांड्यांचा आवाज थांबला. नळ मात्र चालूच राहिला, बंद करायचं कोणाला सुचलं नाही. पावलं आली, आणि मग फोनवर अपेक्षाचा श्वास ऐकू आला. 

"मले वाटे तुम्ही काही ठरवलंच नव्हतं," ती म्हणाली. "मले वाटे तो तुमच्यासाठी नुसता एक कागद होता."

हर्षलला बोलायचं होतं, पण त्याच्या घशातून आवाजच निघाला, शब्द नाही. चौदा वर्षांत त्या खोलीनं असला आवाज ऐकला नव्हता. अपेक्षानं तो ऐकला. ती त्याला थांब म्हणाली नाही, आणि आपणही थांबली नाही. दोघं आपापल्या गावी, आपापल्या फोनवर रडत राहिले, आणि मध्ये पोरगी उभी होती.

मग अपेक्षा म्हणाली, "परत एकदा म्हणा."

त्यानं म्हटलं.